विषय: मराठीचा ए-जी अर्ज, युनिट ३ आणि तासांचा प्रश्न

प्रेषक: सं. (नववीचा वर्ग)

मंडळी, ए-जी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशाला हायस्कूलमधून लागणाऱ्या विषयांचे गट. आपल्या शनिवारच्या शाळेची मराठी त्यात धरली जावी म्हणून हा अर्ज. त्याचं पोर्टल १५ सप्टेंबरला बंद होतं, मग थेट १ फेब्रुवारीला उघडतं. ज्यांच्यामार्फत अर्ज जाणार त्या हायस्कूलच्या बाईंकडून मसुदा परत आलाय. युनिट ३ (गणपती) समोर त्यांनी एवढंच लिहिलंय: मूल यात स्वतः काय करतं?

आपण लिहिलं होतं की मुलं आरती पाठ करतात, मखर सजवतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला त्यात भाषा दिसत नाही. ऐकून-वाचून समजणं, समोरच्याशी बोलणं आणि स्वतः मांडणं, हे तिन्ही दिसायला हवं, आणि प्रत्येक युनिटात काय करून घेतो ते नीट वर्णन करून. म्हणून बदललं: मूल आजीला फोन लावून उकडीच्या मोदकांची कृती विचारतं, अडेल तिथे पुन्हा विचारतं, देवनागरीत उतरवून घेतं आणि ज्याने मोदक कधी केले नाहीत त्याला वर्गात समजावतं. गेल्या शनिवारी करून पाहिलं. एकाने "पारी पातळ हवी" ऐवजी "परी पातळ हवी" लिहून आणलं. आजीने फोनवर वाचून घेतलं तेव्हा ती म्हणाली, अरे, परी नको, पारी! पोरगं आता काना विसरणार नाही.

अडलंय ते तासांवर. आपले ३० शनिवार, दोन-दोन तास, म्हणजे ६० तास. हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाला साधारण १२० धरतात. माझं मत, आपली दोन वर्षं मिळून एक लेव्हल (म्हणजे हायस्कूलचं एक वर्ष) दाखवावी. मतं कळवा.

प्रेषक: वि. का.

सं., कष्टांबद्दल आभार. पण हा खटाटोप मुळात का? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) शाळांचा अभ्यासक्रम आहे, भारती विद्यापीठाची परीक्षा आहे. तेच कागद जोडा. शाळा सुरू केली तेव्हा आम्ही घरून खुर्च्या आणत होतो, अभ्यासक्रमाची एकेक ओळ भांडून ठरवलीय. ती आता मोदकांवर आणू नका.

प्रेषक: सं.

काका, अभ्यासक्रम तोच आहे, एक धडा काढलेला नाही. पण परीक्षेचं प्रमाणपत्र जोडून कोर्स मंजूर होत नाही. अर्ज मान्यताप्राप्त शाळेच्या खात्यातूनच जातो, आपल्या शनिवारच्या शाळेला तसं खातं मिळत नाही. त्या छोट्या खाजगी हायस्कूलने मराठी आपल्या यादीत घ्यायचं कबूल केलंय, म्हणून तर ही संधी आहे. खुर्च्यांचं ऋण सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रेषक: मीनल (दोन मुलांची आई)

दोन वर्षांची एक लेव्हल म्हणजे 'ई'ची (ए-जीतल्या इंग्रजीखेरीज भाषेच्या गटाची) दोन वर्षं भरायला चार वर्षं शनिवार! तीन वर्षांची भाषा असली तर बरं, असंही म्हणतात, मग सहा. माझा मोठा मराठी सोडून स्पॅनिशला गेला तो याच हिशेबाने. पहिल्या वर्षी त्याला डी मिळाला, मी रात्रभर झोपले नाही. शाळेतल्या समुपदेशकांनी तर वर्ष वाया गेलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या लेव्हलला सी आला तेव्हा कळलं की वरची लेव्हल सी किंवा त्याहून चांगल्या श्रेणीत पास झाली की खालची भरून निघते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर पोराला मी इतकं बोलले नसते.

प्रेषक: प्र.

मीनलवहिनी, आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. माझी भाची सातवी मराठी माध्यमातून करून इथे आली. सहावीपासून पुढची दोन वर्षं इंग्रजीखेरीज माध्यमात झाली असतील तर भाषेची अट तिथेच पूर्ण होते, मात्र गुणपत्रिका दाखवाव्या लागतात. सहावी-सातवीच्या मूळ प्रती देशातून येताना आणा. आम्ही शाळेतून पुन्हा मागवल्या, त्यात चार महिने गेले.

प्रेषक: वि. का.

प्र., भाची कुठल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती? तिथल्या बाईंना कळवा, त्यांना आनंद होईल. आमच्या गावी अशाच शाळेत सातवीला एकच बाई सगळं शिकवायच्या.

सं., तासांचं म्हणशील तर आठवड्याचा गृहपाठ मोजायचा की नाही? पूर्वी आम्ही रोज अर्धा तास वाचायला लावायचो, वहीवर पालकांची सही असायची. त्या वह्या माळ्यावर आहेत.

प्रेषक: सं.

काका, वह्या आणाच, नववीला तेच पुन्हा सुरू करू. पण त्यावर तास वाढवून लिहायला माझं मन धजत नाही. शिक्षकासमोरचे तास ६० आहेत, ते ६०च लिहीन. मीनलवहिनी, चार वर्षांचा हिशेब खरा आहे. पण आपली मुलं सहावीपासून येतात आणि सातवी-आठवीतलं काम हायस्कूलच्या लेव्हलच्या तोडीचं असेल तर तेही धरतात. म्हणजे दहावीपर्यंत दोन लेव्हल होतात, स्पॅनिशच्या मागे पळावं लागणार नाही.

युनिट ७ (पत्र आणि अर्ज) अजून कोरं आहे. प्र., ते तू लिहितोस का? रविवारी रात्रीपर्यंत पाठव, सोमवारी हायस्कूलच्या बाईंना द्यायचंय.