मदत हवी आहे: हुतात्मा चौकातली खूण

मुंबईत सीएसएमटी स्टेशन ते गेटवे ऑफ इंडिया पायी जाणाऱ्या पाहुण्यांसाठी खुणांचा कागद करतोय. डी. एन. रोडने हुतात्मा चौकापर्यंत कुणी चुकत नाही. गोंधळ पुढे होतो: सरळ एम. जी. रोड धरायचा, पण माणसं उजवीकडे वीर नरिमन रोडने चर्चगेटला पोचतात. मशालधारी शेतकरी-कामगारांचं स्मारक चौक ओळखायला उत्तम, दिशा मात्र सांगत नाही. उंच इमारतींमध्ये फोनच्या नकाशावरचा निळा ठिपकाही सरकतो. पुढची खूण काळा घोडा; तिथे 2017 पासून स्वाराविना घोडा आहे, स्वारासह जुना पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत, हे कागदावर लिहिलंच आहे.

चौक ओलांडल्यावर एम. जी. रोडच्या फुटपाथवरून लगेच दिसेल, रात्रीही ओळखू येईल अशी पक्की खूण कोणती? दुकानाची पाटी नको, ती बदलते. कृपया डावी-उजवी बाजूही लिहा.