बायबलचा चिकित्सक अभ्यास : सुरुवात कुठून करू? (मुंबईत, जमल्यास मराठीतून)

विक्रोळीकर
मंडळी, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीबद्दल वाचत होतो. १९१९ ते १९६६ एवढा काळ पोथ्या ताडून पाहणं म्हणजे खायचं काम नाही. त्यावरून डोक्यात आलं की बायबलवरही असंच काम झालं असणार. कोणी लिहिलं, कधी, कुठला भाग नंतर घुसला, अर्थ कसा लावतात, हे सगळं वाचायचंय. मी ख्रिस्ती नाही, पण शाळा मिशनऱ्यांची, त्यामुळे गोष्टी माहीत आहेत. प्रचारकी नको आणि टवाळीही नको. इंग्रजी चालेल, मराठी मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुस्तकं, वाचनालयं, कोर्स, काहीही सुचवा.

पापडी_वसई
आधी हातात बायबल कुठलं घेताय ते ठरवा. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, आमच्या कॅथलिक बायबलमध्ये ७३. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं काम आहे आणि भाषा आपल्या घरातली आहे. पंडिता रमाबाईंचं भाषांतरही कधीतरी चाळा. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून काम करत होत्या. १९२२मध्ये त्या गेल्या, पुस्तक छापून आलं १९२४मध्ये. आजच्या वाचकाला ते जड जातं, पण एका मराठी बाईने हे एकहाती उरकलं हे माहीत तरी असावं.

दुकान म्हणाल तर बांद्र्याचं सेंट पॉल्स. भाष्यांची कपाटं आधी उभ्या उभ्या चाळा, घाईने पैसे घालवू नका.

गोरेगाव_पूर्व
थोडं धर्मशास्त्र शिकलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

सिद्धांतांपासून सुरुवात करू नका. लोक थेट वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकावर उडी मारतात. मोशेची म्हटली जाणारी बायबलची पहिली पाच पुस्तकं चार वेगवेगळ्या स्रोतांतून गुंफली गेली, ही त्याने १८७८च्या सुमारास नीट बांधून मांडलेली उपपत्ती. आज ती जशीच्या तशी कोणी मानत नाही, पण तिच्याशी वाद घातल्याशिवाय पुढेही जाता येत नाही. मूळ मजकूर वाचलेला नसेल तर हे सगळं हवेत राहतं.

त्याऐवजी तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. मार्कच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय उघडा (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी हे एक, मत्तय आणि लूक ही आणखी दोन). येशूला भूक लागते, अंजिराच्या झाडावर फळ नाही, तो झाडाला शाप देतो. मार्क वर सांगतो की तो अंजिरांचा हंगामच नव्हता! मग मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हुसकावण्याचा प्रसंग येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाड मुळापासून वाळलेलं दिसतं. आता मत्तय २१ काढा. तिथे मंदिराचा प्रसंग आधी उरकतो, झाड दुसऱ्या दिवशी सकाळी येतं आणि शाप देताच वाळतं. लूकमध्ये झाडाला शाप देण्याचा प्रसंगच नाही. १३व्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला, म्हणजे बोधकथा, तेवढी आहे, आणि तिथला माळी मालकाकडे आणखी एका वर्षाची मुदत मागतो. तिघांत सारखं ते एका रंगाने, दोघांतलं दुसऱ्या, एकट्याचं तिसऱ्या रंगाने अधोरेखित करा. मार्कने झाडाची गोष्ट मधोमध कापून आत मंदिर का ठेवलं, हा प्रश्न तुम्हाला आपोआप पडेल. झाडाची आणि मंदिराची गत एकच, असं त्याला सुचवायचंय, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मलाही ते पटतं.

मार्क सर्वांत आधीचा आणि मत्तय-लूक यांच्यासमोर तो होता, हे बहुसंख्य अभ्यासकांचं मत कशावर उभं आहे, ते अशाने हाताला लागतं. त्यानंतर रेमंड ब्राउन यांचा १९९७चा नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागाचा, परिचयग्रंथ घ्या. जाडजूड आहे, सलग वाचायचा नाही, लागेल ते प्रकरण काढायचं.

प्रार्थना_आणि_चहा
माफ करा, पण अशी चिरफाड करून देवाचं वचन उरतं का? आमच्या गटात एक तरुण असले व्हिडिओ बघून प्रार्थनेला यायचाच बंद झाला.

गोरेगाव_पूर्व
ताई, काळजी समजते. पण हे काम चर्चच्या बाहेरचेच लोक करतात असं नाही. बारावे पायस पोप यांनी १९४३च्या परिपत्रकात अभ्यासकांना मूळ भाषा आणि त्या काळचे लेखनप्रकार लक्षात घ्यायला सांगितलं. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये तेच पुढे नेलं. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात जॉर्ज सोआरेस-प्रभू हे येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू नवा करार शिकवायचे. चिकित्सक पद्धतीत मुरलेला माणूस, पण इथल्या गरिबांना आणि दलितांना हा मजकूर काय सांगतो हे विचारल्याशिवाय थांबायचा नाही. ते वाचून कुणाची श्रद्धा गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. व्हिडिओंचं मात्र खरं आहे, तिथे निम्मा आरडाओरडाच असतो.

पोथीनिष्ठ
विक्रोळीकर, महाभारताशी तुलना बेतानेच करा. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितंच ५,०००हून अधिक आहेत, बरीचशी तुकड्यांत. पाठभेद ढीगभर, पण बहुतेक लेखनिकांच्या डुलक्या. मोठे वादाचे उतारे मोजकेच. सर्वांत ठळक म्हणजे मार्कचा शेवट. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत तो १६:८ला (अध्याय १६, वचन ८), घाबरून पळणाऱ्या स्त्रियांपाशी संपतो. पुढची बारा वचनं तिथे नाहीत. जुन्या करारासाठी, म्हणजे येशूच्या आधीच्या भागासाठी, १९४७पासून मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांवर काहीतरी वाचा. यशया या पुस्तकाची तिथली प्रत तोवर हाती असलेल्या पूर्ण हिब्रू हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली.

अवांतर : आपल्याकडे एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला होता. हे वेड आपल्याला नवं नाही.

पापडी_वसई
फुकटात हवं असेल तर येल विद्यापीठाची व्याख्यानं इंटरनेटवर आहेत. जुन्या करारावर क्रिस्टीन हेज, नव्यावर डेल मार्टिन. लोकलमध्ये ऐकायला झकास. बाईंची आधी ऐका.

विक्रोळीकर
सर्वांचे आभार, धागा वाचनखुणांत टाकलाय. रविवारी बांद्र्याला जातोच. एक शंका : प्रकटीकरणाचं पुस्तक (बायबलमधलं शेवटचं) कधी घेऊ? खरं तर त्याचंच आकर्षण जास्त आहे.

गोरेगाव_पूर्व
सगळ्यात शेवटी. त्याआधी जुन्या करारातल्या दानीएलचे ७ ते १२ अध्याय वाचा. शिंगांचे पशू आणि स्वर्गातली दर्शनं असं लिहिण्याची तऱ्हा तिथे भेटते. आणि दुकानात जाताय तर रविवारी ते उघडं असतं का, हे आधी फोन करून विचारा.