सल्ला देणाऱ्यांना निवडलं कोणी?

पारावरची
घरात काकांशी जोरदार वाद झाला, तो इथे मांडते. विषय २००४ साली केंद्राने नेमलेल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेचा. अध्यक्ष सोनिया गांधी, सदस्यांत चळवळीतल्या अरुणा रॉय, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ अशी माणसं. काका म्हणतात, मतं न मागता राज्य चालवणारी मंडळी होती ती. मला हे अजिबात पटत नाही.

माहिती अधिकाराचंच घ्या. संसदेने २००२ साली एक कायदा केला होता, पण तो कधी लागूच झाला नाही. डिसेंबर २००४ मध्ये नवं विधेयक आलं, तेही फक्त केंद्र सरकारपुरतं. परिषदेने आणि चळवळीतल्या लोकांनी जोर लावला, तेव्हा राज्यं त्यात आली. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो कायदा लागू झाला. आणि ही मागणी काही दिल्लीच्या दालनात सुचलेली नव्हती. राजस्थानात ब्यावरला १९९६ मध्ये लोक चाळीस दिवस धरणं धरून बसले होते, कामांच्या खर्चाचा हिशेब दाखवा म्हणून. त्यांचं म्हणणं कायद्याच्या मसुद्यापर्यंत न्यायला मधे कोणीतरी लागतं. ते काम परिषदेने केलं.

सांगलीवाला
ताई, तुमचे काका बरोबर आहेत. गोव्यात १९९७ला आणि आपल्याकडे २००२ला माहिती अधिकाराचे कायदे झाले, ते राज्यांच्या विधिमंडळांनीच केले. आपल्याकडे त्यामागे अण्णा हजारेंचं उपोषण होतं. लोकांनी दबाव आणला, निवडून दिलेल्यांनी कायदा केला. मधे परिषद कशाला हवी?

परिषदेच्या नावावर सांगतात ती रोजगार हमी तर मुळात आमच्याच जिल्ह्यातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी प्रयोग करून पाहिला. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. पैसा कुठून आणणार, याचं उत्तर सभागृहात द्यावं लागलं, म्हणून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. परिषदेच्या सदस्याला हा प्रश्न कोण विचारणार? तो चुकला तर त्याला पाडायचं कुठल्या निवडणुकीत?

ही भीती आजची नाही. राज्यघटना लागू होऊन काही महिनेच झाले होते, तेव्हा जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. नियोजन आयोग म्हणजे दुसरं मंत्रिमंडळच होऊन बसेल, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या जागी आपले चिंतामणराव देशमुख आले. आयोग राहिला आणि पुढे साठेक वर्षं राज्यं आपल्या योजना घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

पारावरची
दादा, पागेसाहेबांबद्दल मलाही आदर आहे. पण १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांचे मोर्चे विसरू नका. त्यांच्याशिवाय तो कायदा झाला असता असं मला वाटत नाही.

आणि परिषदेच्या हातात खरंच सत्ता होती का? रोजगार हमीच्या कामावर किमान वेतन द्या, ही मागणी सरकारने मानली नाही आणि २०१३ मध्ये अरुणा रॉय बाहेर पडल्या. ज्यांचं राज्य असतं ते असे बाहेर पडतात का? प्रत्येक कायदा शेवटी संसदेतूनच गेला. केंद्राच्या रोजगार हमीचं विधेयक आधी संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं होतं. तिचे अध्यक्ष कल्याण सिंह होते, म्हणजे विरोधी पक्षाचे. आणखी कोणती तपासणी हवी?

सांगलीवाला
अध्यक्ष सत्ताधारी पक्षाच्याही अध्यक्ष असतील, तर तो सल्ला मंत्र्याला नुसता सल्ला वाटत नाही. तिथे मंत्री नाही म्हणायला कचरतो. किमान वेतनाला नाही म्हटलं गेलं, तो अपवाद. २०१४ला सरकार बदललं आणि परिषद संपली. लोकांची असती, तर लोकांनी ती अशी जाऊ दिली असती?

घाटमाथा
मी सिंधुदुर्गातला. तुम्हा दोघांचं भांडण वाचून आमच्याकडचं आठवलं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांची पश्चिम घाट समिती २०१० मध्ये नेमली गेली, अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारकडे गेला. निवडलेली समिती नव्हतीच ती, तज्ज्ञांचीच होती. पण अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की कुठला भाग किती जपायचा हे ग्रामसभांमध्ये चर्चा होऊन ठरावं. आणि तोच अहवाल मंत्रालयाने दाबून ठेवला! माहिती अधिकारात मागावा लागला, माहिती आयोगाचा आदेश आला, तेव्हा मे २०१२ मध्ये तो बाहेर पडला. तोपर्यंत इकडे वाडीवाडीत एकच बोललं जात होतं, घरावर कौल चढवायलाही परवानगी लागणार. खरं काय ते सांगायला कागदच हातात नव्हता. मग त्याच अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन समिती आली, आणि गावाला विचारण्याचा मुद्दा मागे पडला.

मला निवडलेले आणि नेमलेले यातला फरक फारसा दिसत नाही. दोघांनीही आमच्यापासून कागद लपवला.

चुलीपासून
मी दोन वर्षं आमच्या गावाच्या रेशन दक्षता समितीवर होते. गावाचं नाव लिहीत नाही. बैठक एकही झाली नाही. बैठकीची वही घरी यायची, मी भाकरी थापत असताना. 'ताई, इथे सही करा.' मी दोनदा केली, त्याची आजही लाज वाटते. तिसऱ्या वेळी वही मागे फिरवली आणि माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाकला. नक्कल आली, त्यात माझ्या नावावर 'धान्यवाटप समाधानकारक' असं लिहिलेलं होतं.

पारावरची ताई, त्या कायद्याचं कलम ४ सगळ्यांनी वाचावं. प्रत्येक कार्यालयाने आपल्या सल्ल्यासाठी नेमलेल्या समित्या, परिषदा जाहीर करायच्या. त्यांच्या बैठकांना लोकांना येता येतं का, इतिवृत्त पाहायला मिळतं का, तेही सांगायचं. न मागता सांगायचं. आमच्या तहसिलीच्या फलकावर यातलं एक अक्षर नाही.

सांगलीवाला
ताई, तुम्ही वही परत पाठवलीत त्याबद्दल मनापासून नमस्कार. पण एक विचारतो. समितीवर तुमचं नाव घातलं कोणी? ग्रामसभेत ठरलं होतं का?

चुलीपासून
नाही दादा. सरपंचांनी परस्पर कळवलं, मला पत्र आल्यावर समजलं. आता नवी समिती व्हायची आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नावं सगळ्यांसमोर घ्या, असा अर्ज आम्ही अकरा जणींनी सही करून दिला आहे. पोच घेतली आहे.