ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, असं नाही

९१ऐवजी ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की कुठलीही गाडी जास्त पळते आणि इंजिनही साफ राहतं, हे मत मला अजिबात पटत नाही. ऑक्टेनचा आकडा इंधनातली ऊर्जा सांगत नाही. दाबाखाली ते आपोआप पेट न घेता किती तग धरतं, एवढंच सांगतो. इंजिन साफ ठेवण्याचं काम पेट्रोलमध्ये मिसळलेल्या डिटर्जंटचं.

फरक पडतो तो टर्बो (जादा हवा दाबून आत भरणाऱ्या) किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या (हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त दाबणाऱ्या) इंजिनांना. तिथे ऑक्टेन कमी पडलं, की माणसांनी भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये चढ चढताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ही खडखड ओळखणारा नॉक सेन्सर असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो. आवाज थांबतो खरा, पण ताकद घटते आणि मायलेजही. हा आवाज तसाच चालू दिला तर पिस्टनचं नुकसान होतं, त्यामुळे कृपया दुर्लक्ष करू नका.

पेट्रोलच्या झाकणामागचा स्टिकर आणि मॅन्युअल नीट वाचा. ‘किमान’ आणि ‘शिफारस’ यांत फरक आहे. शिवाय आकडा आरओएन आहे की एकेआय (ऑक्टेन सांगायच्या या दोन वेगळ्या मोजपट्ट्या), तेही बघा. अमेरिकेतल्या पंपावरचं ८७ हे एकेआय असतं; आरओएनमध्ये ते साधारण ९१-९२ भरतं. ‘तिकडे तर ८७वर गाड्या चालतात’ हा गैरसमज इथूनच येतो.

योग्य पेट्रोल भरूनही खडखड थांबत नसेल, तर सिलिंडरमध्ये कार्बन साठलाय का ते मेकॅनिककडून तपासून घ्या.