महागडे पाने : पैसे पोलादाचे की कोरलेल्या नावाचे?

हौशी_पानावाला
मोटारसायकल आणि गाडी घरीच उघडतो, पोट त्यावर नाही. नवा गोटी सेट (नटावर बसणाऱ्या सॉकेटचा) घ्यायचाय. आतापर्यंत झालेलं मत सांगतो, खोडून काढा. स्नॅप-ऑन, हॅझेट, स्टालविले असल्या महागड्या ब्रँडची हत्यारं घेणारे निम्मे लोक पोलादापेक्षा त्यावर कोरलेल्या अक्षरांनाच जास्त पैसे देतात. मधल्या किमतीच्या सेटवरही 'क्रोम व्हॅनेडियम' हे पोलादाचं नाव असतंच. पकडीचं म्हणाल, तर नटाच्या कोपऱ्यावर जोर न देता सपाट बाजूवर द्यायचा, ही स्नॅप-ऑनची 'फ्लँक ड्राइव्ह' युक्ती १९६० च्या दशकातली. पेटंट कधीच संपलं, आता बहुतेक सगळे तशाच गोट्या काढतात. मग चौपट कशासाठी मोजायचे?

काळे_हात
क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय म्हणजे पोलादाची जात कळली. त्याला पाणी कसं दिलंय ते कुठे लिहिलंय? जास्त कडक झालं तर गोटी तडकते, मऊ राहिलं तर तोंड फाकतं. दोन्ही प्रकार हाताने भोगलेत. नवीन असताना एक चकचकीत स्वस्त सेट घेतला होता. ब्रेक कॅलिपरचा गंजका बोल्ट, १७ ची गोटी, दांड्याला पाइप लावून जोर दिला. गोटी फिरली, बोल्ट जागचा हलला नाही. कोपरे गेले, माझी बोटं सोलली, आणि पुढचा अर्धा दिवस छिन्नी-हातोडीत. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणी दिले?

हौशी_पानावाला
गोटी १२ पैलूंची होती ना? खरं सांगा.

काळे_हात
होती. पण ६ पैलूंची असती तरी त्या पोलादाची मला खात्री नाही.

हौशी_पानावाला
म्हणजे अर्धा दोष पैलूंचा, आणि उरलेल्यातला थोडा त्या पाइपचा. तुम्ही सगळं बिल ब्रँडच्या नावावर फाडताय.

दहाची_गोटी_हरवली
नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी जरा मालक कोण तेही बघा. बाहको म्हणजे स्वीडनचं जुनं घराणं, १८९२ चा योहान्सनचा अ‍ॅडजस्टेबल पाना त्यांचाच. १९९९ पासून ते स्नॅप-ऑनच्या पंखाखाली. फ्रान्सचं फाकोम २००६ पासून स्टॅनलीकडे. अमेरिकेतल्या सिअर्स दुकानांचं क्राफ्ट्समन २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतलं. आजोबांनी ज्या नावावर विश्वास ठेवला ते नाव तेच आहे, पण पाना कुठल्या भट्टीतून आला ते दर वेळी नव्याने बघायला लागतं.

काळे_हात
हे मान्य. पण मालक बदलला म्हणून माल बिघडलाच, असंही नाही. बाहकोचा अ‍ॅडजस्टेबल आजही माझ्या पेटीत आहे, लावलेल्या मापावरून जबडा सरकत नाही.

कार्ब्युरेटरग्रस्त
तुम्ही गोट्यांवर भांडताय, पण सगळ्यात जास्त नुकसान स्क्रू ड्रायव्हर करतो. जुन्या जपानी गाड्यांच्या कार्ब्युरेटरवरचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे (नेहमीची अधिकच्या चिन्हाची खाच), असतात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे. पुष्कळदा डोक्यावर छोटा ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर येतं आणि खाच खाऊन टाकतं. तिथे जर्मनीचा कितीही भारी ड्रायव्हर आणा, उपयोग शून्य. व्हेसल या जपानी कंपनीचा साधा जेआयएस ड्रायव्हर काम करून जातो. आधी माप, मग ब्रँड.

बिनकामाचा_सल्लागार
आजीवन वॉरंटीचा मुद्दा राहिला. स्नॅप-ऑनची व्हॅन गॅरेजच्या दारात येते, मोडलेलं बदलून देते. दिवसभर गाड्या सोडवणाऱ्याला तो वेळ विकत घेणं परवडतं. महिन्यातून एकदा ऑइल बदलणाऱ्याने त्याचे पैसे का द्यावेत? टॉर्क पान्याचं (नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) मात्र वेगळं. तो मोडत नाही, गुपचूप खोटं बोलायला लागतो. आयएसओ ६७८९ या त्याच्या मानकात, ठरलेला जोर आला की 'क्लिक' करणाऱ्या १० न्यूटन-मीटरच्या वरच्या पान्याला ४ टक्के इकडे-तिकडे चालतं, आणि दुसरं काही ठरवलं नसेल तर वर्षाने किंवा ५,००० वेळा वापरल्यावर तपासून घ्यायचा. न तपासलेल्या महागड्यापेक्षा तपासलेला मधला बरा.

काळे_हात
हौशी माणसाने मधलं घ्यावं, हे मी आता नाकारत नाही. पण पक्कड मधली घेऊ नका. निपेक्स या जर्मन कंपनीची कोब्रा पक्कड एकदा गंजक्या पाइपवर लावून बघा. दात चावतात आणि दाबाल तसे जास्त चावतात. माझी इतक्या वर्षांनंतरही नव्या स्वस्त पकडीपेक्षा चांगली धरते. तिथला फरक कोरलेल्या अक्षरांचा नाही.

हौशी_पानावाला
ठीक. ६ पैलूंच्या गोट्या मधल्या, पक्कड निपेक्स, एक जेआयएस ड्रायव्हर. रॅचेटवर (गोटी फिरवायचा, एकाच दिशेने पकडणारा दाती दांडा) अडलोय. ७२ दाती ५ अंशांत पुढचा दात पकडतो, ३६ दातीला १० लागतात. पण बारीक दात लवकर जातात म्हणे. तिथे तरी महाग घेऊ का?

काळे_हात
अडचणीच्या जागी ७२ घ्या, मधलाही चालेल. रॅचेट दातांमुळे कमी आणि गंजका नट त्यानेच सोडवायला गेल्यामुळे जास्त मरतो. पहिला झटका ब्रेकर बारने (बिनदाती लांब दांडा) द्यायचा, सैल झाल्यावर रॅचेट. आणि हो, तो पाइप मी त्याच दिवशी भंगारात टाकला.