मदत हवी आहे: ग्रेट ओशन रोडसाठी सहा मैत्रिणींना एक मोटरहोम की दोन?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत आम्ही सहा मैत्रिणी ऑस्ट्रेलियात ग्रेट ओशन रोडला जातोय. मेलबर्नला उतरायचं, विमानतळाजवळच मोटरहोम (पलंग, ओटा, संडास असलेली भाड्याची गाडी) ताब्यात घ्यायचं आणि टॉर्कीपासून किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेकडे निघायचं, एवढं नक्की आहे. विमानाची तिकिटं झाली. मोटरहोम बुक व्हायचंय आणि तिथेच गाडं अडलंय.

एका दिवसाची टूर बस का नाही, हे घरच्यांनी विचारून झालंय. ती बस सकाळी मेलबर्नहून निघते, ट्वेल्व्ह अपॉसल्सपाशी (समुद्रात उभे असलेले चुनखडीचे प्रसिद्ध खांब) फोटोपुरतं उतरवते आणि रात्री परत आणून सोडते. २४३ किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला. बराचसा भाग कुदळ-फावड्याने कडे फोडून काढला, आणि तोही युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. तो एका दिवसात उरकायचा हे मला पटत नाही. जिथे समुद्र आवडेल तिथे गाडी बाजूला घ्यावी, चहा टाकावा, तासभर बसावं, अशी सहल हवी आहे.

मोटरहोमचं खरं कारण आमची एक मैत्रीण आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. 'मी आले की तुम्हाला थांबत बसावं लागतं' असं म्हणून ती गेली काही वर्षं प्रत्येक सहलीतून अंग काढून घेते. या वेळी तिला 'नाही' म्हणायला जागाच ठेवायची नाही, असं आम्ही ठरवलंय. बाथरूम सोबत, पलंग सोबत, पाय दुखले तर चालत्या गाडीत मागे आडवं होता येईल, हा विचार.

आता प्रश्न.

सिक्स बर्थचं एकच मोठं मोटरहोम घ्यावं की दोन लहान? गाडी चालवणाऱ्या आम्ही दोघीच. मोठी गाडी एकच असली की आलटूनपालटून चालवता येईल, एकमेकींना विश्रांती मिळेल. दोन घेतल्या तर दोघी सबंध दिवस स्टिअरिंगवर, समुद्र बघणार कधी? पण सिक्स बर्थमध्ये सहा मोठ्या बायका खरंच मावतात का, हे फोटो बघून कळत नाही. फोटोत कायम एक तरुण जोडपं आणि दोन लहान मुलं असतात!

रात्री समुद्राकाठी कुठेही गाडी लावून झोपलेलं चालतं का? पाणी, संडासची टाकी, वीज हे रोजच्या रोज कसं निभावतं? आणि आमच्या मैत्रिणीला फारसं न चढता-उतरता काय काय बघता येईल? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ज्यांनी हा रस्ता स्वतः केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी मेलबर्नलाच राहतो. ताई, आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. चालत्या मोटरहोममध्ये मागे आडवं व्हायला कायद्याने परवानगी नाही. प्रत्येकीने सीटवर बसून पट्टा लावायचाच. उठून चहा करणंसुद्धा नाही. पट्टा नसेल तर चालवणाऱ्यालाही दंड होतो. आणि बर्थ किती यावर जाऊ नका, पट्ट्याच्या सीट किती ते विचारा. झोपायची जागा सहांची आणि बसायच्या सीट कमी, अशाही गाड्या असतात.

लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटक म्हणून इथे चालतं, तरी भाड्याच्या कंपन्या बऱ्याचदा इंटरनॅशनल परमिट मागतात. आरटीओतून काढून आणा. साध्या कारच्या लायसन्सवर इथे साडेचार टनांपर्यंतची गाडी चालवता येते आणि भाड्याची सिक्स बर्थ सहसा त्यात बसते.

रात्री कुठेही झोपता येत नाही. किनाऱ्यालगतच्या पार्किंगमध्ये, व्ह्यू पॉइंटवर, रस्त्याकडेला मुक्काम केला तर दंड. लॉर्न, अपोलो बे, पोर्ट कॅम्पबेल, वॉर्नम्बूल सगळीकडे चांगले हॉलिडे पार्क (मोटरहोम लावून मुक्काम करायची ठिकाणं) आहेत, तिथे पॉवर्ड साइट, म्हणजे विजेची जोडणी असलेली जागा घ्या. मार्चचा दुसरा सोमवार इथे लेबर डेची सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारी अख्खं मेलबर्न किनाऱ्यावर लोटतं. तुमच्या तारखांत तो विकेंड येतोय, तेवढ्या रात्री आजच बुक करा.

टॉर्कीकडून पश्चिमेला जाताय हे उत्तम. इथे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे समुद्र तुमच्या बाजूला राहतो आणि थांबायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. लॉर्न ते अपोलो बे हा पंचेचाळीस किलोमीटरचा पट्टा सगळ्यात वळणाचा आणि सगळ्यात सुंदर. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला घ्यायला ठिकठिकाणी जागा आहेत, तिथे निवांत त्यांना पुढे जाऊ द्या. गाडी घेऊन मेलबर्न शहरात मात्र शिरू नका. ट्रॅम आहेत, आणि काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या लेनमध्ये थांबावं लागतं. विमानतळाकडून एम ८० रिंग रोडने थेट जीलाँगच्या दिशेला लागा, टोलही नाही.

प्रतिसाद २

आम्ही सहा जणांनी सिक्स बर्थमध्ये हा रस्ता केलाय, म्हणून झोपण्याबद्दल लिहिते. बाकी कोणी हे सांगत नाही.

सहा बर्थ म्हणजे तीन डबल बेड. एक ड्रायव्हरच्या डोक्यावर, तिथे शिडीने चढायचं. एक मागच्या बाकांचा, एक मधल्या जेवणाच्या टेबलाचा. टेबल खाली करायचं, त्यावर गाद्यांचे तुकडे जुळवायचे, चादर घालायची आणि सकाळी हे सगळं उलट करायचं. मधला बेड घातला की स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहायला जेमतेम जागा उरते. एक जण आधी झोपली की बाकीच्यांना टेबल नाही. आतल्या बाजूची रात्री उठली तर बाहेरचीला उठवल्याशिवाय उतरता येत नाही. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या बाईने रात्री दोनदा हे करायचं, मला नाही वाटत बरं. दिवसा मात्र तीच गाडी फार मजेची. पावसाची सर आली, सहाही जणी आत, गॅसवर आधण, काचेबाहेर समुद्र. ते सुख दोन गाड्यांत मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला तिसराच. सहा पट्टे असलेलं एक मोठं मोटरहोम घ्या आणि हॉलिडे पार्कमध्ये साइटच्या जोडीला एक केबिन घ्या. बहुतेक पार्कांत केबिन असतात, आत नीट पलंग, बाथरूम, छोटं स्वयंपाकघर. तुमची मैत्रीण आणि अजून एक जण रात्री केबिनमध्ये, चौघी गाडीत. चौघींत मधला बेड घालावाच लागत नाही, टेबल रात्रभर तसंच राहतं.

पाण्याची टाकी सहा जणींना एका दिवसात संपते. आंघोळी पार्कच्या बाथरूममध्ये करा, गाडीतलं पाणी चहा आणि भांड्यांना ठेवा. संडासची कॅसेट, म्हणजे काढता येणारी टाकी, बाहेरून ओढून निघते, चाकं असतात, ती डम्प पॉइंटवर, म्हणजे त्यासाठीच्या ठरावीक जागी, रिकामी करायची. सिंकचं सांडपाणीही रस्त्यावर सोडायचं नाही. एकीने हे काम आनंदाने अंगावर घेतलं तर सहल सुरळीत होते, नाहीतर रोज सकाळी त्यावरून कुजबूज. मायक्रोवेव्ह आणि प्लगपॉइंट फक्त पार्कची वीज जोडल्यावर चालतात. एरवी गॅस. कुकर न्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. चालत्या गाडीत झोपता येत नाही हे आत्ताच कळलं ते फार बरं झालं. मैत्रिणीला आज फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'बसायला सीट पुढची द्या, मग कोणाला झोपायचंय!' केबिनची कल्पना आम्हा कोणालाच सुचली नव्हती. सगळ्यांना पटली आहे.

आता तिला काय दाखवता येईल? गिब्सन स्टेप्सला खूप पायऱ्या आहेत असं वाचलं.

प्रतिसाद १

गिब्सन स्टेप्स ८६ पायऱ्या, उतरून परत चढायच्या. ते सोडा. ट्वेल्व्ह अपॉसल्सला पार्किंगमधून रस्त्याखालच्या भुयारी वाटेने बोर्डवॉकवर (बांधीव पायवाटेवर) जाता येतं, वाट चांगली आहे, सावकाश जमेल. पोर्ट कॅम्पबेलला किमान दोन रात्री करा. तिथून अपॉसल्स गाडीने पंधरा मिनिटांच्या आत. दुपारी टूर बसची गर्दी असते, ती ओसरली की संध्याकाळी जा आणि जमलं तर पहाटे परत. सकाळी चुनखडीचे तेच खांब अगदी वेगळे दिसतात. समुद्र अजून ते खातोच आहे. २००५ साली एक खांब कोसळला. जवळच्या लंडन ब्रिज नावाच्या खडकाची कमान १९९० च्या जानेवारीत पडली तेव्हा पलीकडे दोन पर्यटक अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. ती जागा पार्किंगपासून फार लांब नाही, तीही बघा. लॉक आर्ड गॉर्ज (कड्यांमधली समुद्राची घळ) वरूनच बघायचं, खाली पायऱ्या आहेत.

केनेट रिव्हरला कोआला दिसतात. मोटरहोम खालीच लावा आणि ग्रे रिव्हर रोडने थोडं चालत, माना वर करून झाडं बघत जा. तो रस्ता पुढे कच्चा आहे, गाडी नेऊ नका. केप ऑटवेचा दीपगृहाचा रस्ता डांबरी आहे, फक्त झाडांच्या फांद्या खाली आलेल्या असतात. दीपगृह १८४८ पासूनचं आहे.

प्रतिसाद ३

फांद्यांवरून आठवलं. विम्याचे कागद नीट वाचा. छतावरचं आणि गाडीखालचं नुकसान बऱ्याच करारांत विम्याबाहेर असतं आणि कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असते. गाडी तीन मीटरपेक्षा उंच आहे, पेट्रोल पंपाच्या छताखाली जाण्याआधी उंचीची पाटी बघा. एक्सेस, म्हणजे नुकसान झालं तर आपण भरायचा वाटा, काही हजार डॉलर असतो, तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकू शकते. गाडी घेताना छतासकट सगळीकडून व्हिडिओ काढून ठेवा.

अंधार पडल्यावर चालवू नका, कांगारू आणि वॉलबी (कांगारूसारखेच, पण लहान) रस्त्यावर येतात. मार्चमध्ये वणव्याचा काळ संपलेला नसतो. २०१५ च्या नाताळात याच रस्त्यावरच्या वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीकमध्ये ११६ घरं जळाली. वणव्याच्या सूचना देणारं विकइमर्जन्सी अॅप फोनवर टाका आणि रोज सकाळी निघण्याआधी बघा. ऑटवेच्या जंगलात रेंज जाते, नकाशे आधीच डाउनलोड करा.

खाऊचं सामान न्याल तेव्हा विमानात मिळणाऱ्या कार्डावर सगळं लिहून द्या. लोणचं, मसाले, मेतकूट, काहीही. लिहिलं तर फार तर काढून घेतात, न लिहिलं तर दंड. पेढे-बर्फी नेऊच नका.

धागाकर्ती

ठरलं. सिक्स बर्थ एकच घेतोय, पण सहा पट्टे आहेत असं कंपनीकडून लेखी आल्यावरच पैसे भरणार. मुक्काम लॉर्न, अपोलो बे, पोर्ट कॅम्पबेल आणि वॉर्नम्बूल. परतताना कोलॅकवरून प्रिन्सेस हायवेने सरळ मेलबर्न. लेबर डेच्या रात्री अपोलो बेला येत होत्या, त्या उलटसुलट करून बघतेय. कॅसेटचं काम आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकेने स्वतःहून मागून घेतलंय.

एक राहिलं. केबिन आणि साइट शेजारीशेजारी मागता येतात का? रात्री तिला काही लागलं तर आम्ही हाकेच्या अंतरावर असायला हव्यात.

प्रतिसाद २

ऑनलाइन बुक करताना तसा पर्याय सहसा दिसत नाही. बुकिंग झालं की पार्कला फोन करा, कारण सांगा, दोन्ही बुकिंग नंबर द्या. आमच्या वेळी त्यांनी केबिनसमोरचीच साइट दिली होती. पायऱ्या नसलेली, रॅम्पची केबिन आहे का तेही त्याच फोनवर विचारा. त्या थोड्याच असतात आणि लवकर जातात.