फ्लोरीनच्या प्रश्नात दोनपैकी शून्य. 'का' विचारलं की काय लिहायचं?

भोगावतीकाठ

मी बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव राधानगरी तालुक्यात, सध्या दसरा चौकाजवळ बोर्डिंगला राहतो. परवा प्रिलिमचे पेपर हातात मिळाले. केमिस्ट्रीत ७० पैकी ३४. गण १६, १७, १८ चा धडा मी तीन वेळा वाचला होता आणि मार्क नेमके तिथंच गेलेत.

प्रश्न होता: फ्लोरीनची इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी (अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाल्यावर होणारा ऊर्जाबदल) क्लोरीनपेक्षा कमी ऋण का असते? पेपर इंग्रजीत होता, मी लिहिलेलं इथं मराठीत देतो: 'फ्लोरीन आवर्तसारणीत उजवीकडे सगळ्यात वर आहे. त्याची विद्युतऋणता सर्वांत जास्त म्हणजे ३.९८ किलोज्यूल प्रति मोल आहे. त्याला ऑक्टेट (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायला एक इलेक्ट्रॉन हवा असतो. म्हणून त्याची एन्थाल्पी कमी ऋण असते.'

वर लाल पेनानं नुसतं 'रीझन?' लिहिलंय. सरांना विचारायला गेलो तर पुस्तक वाच म्हणाले. पुस्तकच तर वाचतोय. आवर्तात डावीकडून उजवीकडे काय वाढतं, गणात खाली जाताना काय कमी होतं, सगळं पाठ आहे. 'का' आलं की हात थांबतो. बाबा ऊसतोडीच्या गडबडीत आहेत आणि घरी विचारण्यासारखं कुणी नाही. बोर्डाला महिना उरलाय.

पापाची_तिकटी

भावा, मागच्या वर्षी मी यातनंच गेलोय. घाबरू नकोस. दोन मार्कांच्या १२ पैकी ८ आणि तीन मार्कांच्या १२ पैकी ८ सोडवायचे असतात, त्यामुळं आधी सगळे वाचून खुणा कर. 'चढत्या क्रमानं' म्हटलंय की 'उतरत्या', त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मार. क्रम बरोबर असून उलटा लिहिल्यानं माझा एक मार्क गेला होता. आणि हॅलोजनचा (फ्लोरीन-क्लोरीनच्या गणाचा) प्रश्न दिसला की 'लहान आकार' आणि 'जास्त विद्युतऋणता' हे दोन शब्द टाकायचेच. काहीतरी पडतंच.

निवृत्त_शिक्षिका

बाळा, तुझं उत्तर मी दोनदा वाचलं. कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, बोर्डाचे पेपरही तपासले. असं उत्तर प्रत्येक गठ्ठ्यात निघायचं. पोरानं अभ्यास केलाय हे दिसायचं, तरी मार्क देता यायचा नाही आणि जिवाला लागायचं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'उजवीकडे सगळ्यात वर आहे' हा फ्लोरीनचा पत्ता झाला. पत्त्यावरून उत्तराचा अंदाज बांधता येतो, पण कारण अणूच्या आत असतं. तिथं बघायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: केंद्रकात प्रोटॉन किती, बाहेरचा इलेक्ट्रॉन कितव्या कवचात, मधल्या इलेक्ट्रॉनांची आड किती आणि त्याच कवचात दाटी किती. यातली कोणती गोष्ट या प्रश्नात बदलते ते हेरायचं. 'हवा असतो' हे वाक्य तर वहीतूनसुद्धा काढून टाक. क्लोरीनलाही ऑक्टेटला एकच इलेक्ट्रॉन कमी आहे, मग दोघांत फरक का पडावा? जे कारण दोघांना सारखंच लागू पडतं, त्यानं फरक सांगता येत नाही.

आता ३.९८. हा रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या विद्युतऋणतेच्या मापावरचा आकडा. त्यांनी ते १९३२ मध्ये बंधऊर्जांच्या फरकांवरून मांडलं, आणि त्या आकड्यापुढं एकक लिहीत नाहीत. किलोज्यूल प्रति मोल हे एन्थाल्पीचं एकक. तू ते इकडं जोडलंस तिथंच कळलं की दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. विद्युतऋणता ही बंधात असलेल्या अणूची, सामाईक इलेक्ट्रॉन-जोडी आपल्याकडं ओढण्याची क्षमता. इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी म्हणजे वायुरूप, सुट्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाल्यावर होणारा ऊर्जाबदल. एकीत शेजारी दुसरा अणू आहे, दुसरीत कुणीच नाही. त्यामुळं पहिलीत पहिला आलेला दुसरीतही पहिला येईलच असं नाही. तुझा प्रश्न यावरच बेतलेला आहे.

तुझ्या बोर्डिंगची खोली डोळ्यांपुढं आण. लहान खोलीत सात ट्रंका, शेजारच्या मोठ्या खोलीतही सातच. आठवी ट्रंक कुठं अडचणीची होईल? फ्लोरीनच्या दुसऱ्या कवचात सात इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या तिसऱ्या कवचात सात. दुसरं कवच फार आटोपशीर. येणाऱ्या इलेक्ट्रॉनला आधीचे सातजण जोरानं प्रतिकर्षित करतात, त्यात ऊर्जा खर्ची पडते आणि बाहेर पडणारी ऊर्जा कमी भरते. बाहेर पडणारी ऊर्जा ऋण चिन्हानं लिहितात, म्हणून 'कमी ऋण'. फ्लोरीनची सुमारे −३२८, क्लोरीनची −३४९ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकागणिक आकडा थोडा पुढंमागं असतो, तू आपल्या पुस्तकातलाच लिही. ट्रंका मात्र पेपरात आणू नकोस, त्या फक्त समजायला.

पापाची तिकटी, तुझा चढत्या-उतरत्याचा सल्ला सोन्यासारखा आहे. पण शब्द टाकून मार्क पडतात हे या पोराला नको सांगूस. हायड्रोजन फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड यांची पाण्यातली आम्लता का वाढत जाते, असं विचारलं तर तुझे दोन शब्द थेट उलट्या उत्तराकडं नेतात. 'फ्लोरीन जास्त ओढतो, म्हणून एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) सर्वांत तीव्र' असं मी कितीतरी पेपरांत वाचलंय. प्रत्यक्षात एचएफ त्यांच्यातलं सौम्य आम्ल आहे. तिथं निर्णायक ठरतं ते बंध तुटणं: एचएफचा बंध तोडायला ५७४ किलोज्यूल प्रति मोल लागतात, एचआयला (हायड्रोजन आयोडाइडला) २९५. मात्र त्याच एचएफचा उत्कलनबिंदू एचसीएलपेक्षा (हायड्रोजन क्लोराइडपेक्षा) जास्त का, असं आलं की विद्युतऋणताच लिहायची, कारण तिच्यामुळं रेणूरेणूंत हायड्रोजन बंध तयार होतात आणि रेणू सुटे व्हायला जास्त ऊर्जा लागते. पदार्थ तोच, प्रश्न बदलला की कारणही बदललं.

आता तू तुझं उत्तर नव्यानं लिहून इथं टाक. मी तपासते.

पापाची_तिकटी

मॅडम, एचएफचं मी खरंच उलटं धरून चाललो होतो. आता सीईटी पुन्हा देतोय, बरं झालं आत्ता कळलं.

भोगावतीकाठ

मॅडम, लिहिलंय:

'फ्लोरीनचा आकार लहान असतो. त्याच्या दुसऱ्या कवचात इलेक्ट्रॉनांची दाटी जास्त असल्यामुळं येणाऱ्या इलेक्ट्रॉनला प्रतिकर्षण होतं. म्हणून एन्थाल्पी कमी ऋण असते.'

निवृत्त_शिक्षिका

शाब्बास. याला मी दीड दिला असता. उरलेला अर्धा कुठं गेला बघ: प्रश्नात दोन नावं आहेत, तुझ्या उत्तरात एकच. 'क्लोरीनमध्ये इलेक्ट्रॉन मोठ्या तिसऱ्या कवचात येतो, तिथं प्रतिकर्षण कमी असतं आणि जास्त ऊर्जा बाहेर पडते' हे वाक्य हवंच. तुलना विचारली की दुसऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवू नकोस. नायट्रोजनची आयनीभवन एन्थाल्पी (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल प्रति मोल का, यातही पोरं नायट्रोजनचं 'पी उपकवच अर्धं भरलेलं, म्हणून स्थिर' एवढं लिहून थांबतात. ऑक्सिजनच्या एका पी ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन एकत्र आलेत, त्यांच्या प्रतिकर्षणामुळं त्यातला एक सहज निघतो, हे राहूनच जातं.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. आधी कच्च्या पानावर मराठीत चार शब्द मांड: कवच, दाटी, प्रतिकर्षण, ऊर्जा. मग एका शब्दाचं एक छोटं इंग्रजी वाक्य कर. ७० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे दोन मार्कांच्या उत्तराला पाच मिनिटं मिळतात. चार वाक्यांना ती पुरतात.

आता पुढचा प्रश्न घे: पाणी खोलीच्या तापमानाला द्रव आणि हायड्रोजन सल्फाइड वायू, असं का? विद्युतऋणता देते: ऑक्सिजन ३.४४, गंधक २.५८, हायड्रोजन २.२०. दोन्ही नावं आली पाहिजेत.

भोगावतीकाठ

वहीत लिहायला घेतलंय मॅडम. इथले दिवे आता बंद होतील, उद्या सकाळी लेक्चरला जायच्या आधी टाकतो.